अर्नोल्ड गेझेल

अर्नोल्ड लुशियस गेझेल (जन्म : आल्मा, विस्कॉन्सिन, २१ जून १८८०, मृत्यू : न्यू हेवन, कनेक्टिकट, २९ मे १९६१) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व बालरोगतज्ज्ञ होते. मूल कितव्या आठवड्यात मान धरते, केव्हा बसते होते, कधी रांगते व कधी पहिले पाऊल टाकते, या गोष्टींची चित्रपट-कॅमेऱ्याच्या साहाय्याने शिस्तबद्ध नोंद करून त्यांनी बालविकासाची प्रमाणके तयार केली. येल विद्यापीठातील बालविकास चिकित्सालयाचे ते संस्थापक होते आणि १९११ ते १९४८ अशी सदतीस वर्षे त्याचे संचालक होते. विकासाचा क्रम मुख्यतः मज्जासंस्थेच्या परिपक्वनाने ठरतो, शिकवण्याने नव्हे, हे त्यांचे मत पुढे बरेच वादग्रस्त ठरले. त्यांनी आखलेला टप्प्यांचा तक्ता मात्र बालरोगचिकित्सा व फिजिओथेरपी यांच्या अभ्यासक्रमात थोड्याफार फरकाने आजही शिकवला जातो.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

आल्मा हे मिसिसिपी नदीच्या काठी वसलेले एक लहानसे गाव. गेझेल यांचे वडील गेरहार्ड हे तेथे छायाचित्रकाराचा व्यवसाय करीत आणि आई ख्रिस्टीन या शिक्षिका होत्या. पाच भावंडांत अर्नोल्ड थोरले. धाकट्या भावंडांना वाढताना पाहणे आणि वडिलांच्या व्यवसायातील कॅमेरा या दोन्ही गोष्टींचा त्यांच्या पुढील कार्याशी संबंध जोडण्याचा मोह अनेक चरित्रलेखकांना झाला आहे. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. छायाचित्र हा पुरावा असू शकतो, ही जाण त्यांच्याइतकी त्या काळातील दुसऱ्या कोणत्याही मानसशास्त्रज्ञाच्या लेखनात दिसत नाही.

स्टीव्हन्स पॉइंट येथील अध्यापक विद्यालयात शिकत असताना एडगर जेम्स स्विफ्ट या शिक्षकांमुळे त्यांना मानसशास्त्राची गोडी लागली. काही काळ शाळेत शिकवल्यानंतर त्यांनी १९०३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाची पदवी घेतली. त्यानंतर ते मॅसॅच्युसेट्समधील क्लार्क विद्यापीठात जी. स्टॅन्ली हॉल यांच्याकडे गेले. हॉल हे अमेरिकेतील बाल-अभ्यास चळवळीचे प्रणेते होते आणि व्यक्तीच्या विकासात मानववंशाच्या उत्क्रांतीची पुनरावृत्ती होते, या मताचे होते. गेझेल यांनी हे मत जसेच्या तसे स्वीकारले नाही. परंतु विकास हा आतून उलगडत जाणारा जैविक क्रम आहे, ही त्यामागची धारणा त्यांच्यात कायम राहिली. मत्सर या भावनेवरील प्रबंधाबद्दल त्यांना १९०६ मध्ये डॉक्टरेट मिळाली.

पुढे लुइस टर्मन यांच्या आमंत्रणावरून ते लॉस एंजेलिसच्या अध्यापक विद्यालयात रुजू झाले. तेथील सहशिक्षिका बीट्रिस चँडलर यांच्याशी १९०९ मध्ये त्यांचा विवाह झाला. प्राथमिक शिक्षणावरील त्यांचे पहिले पुस्तक (१९१२) पतिपत्नींनी मिळून लिहिले. त्यांचे पुत्र गेरहार्ड हे पुढे वॉशिंग्टन येथे संघीय न्यायाधीश झाले व वॉटरगेट प्रकरणातील खटल्यांमुळे प्रसिद्धी पावले.

मुलाच्या वर्तनाचा अभ्यास करायचा तर शरीराचे व मज्जासंस्थेचे ज्ञान हवे, अशी गेझेल यांची खात्री झाल्याने डॉक्टरेटनंतरही ते पुन्हा विद्यार्थी झाले. १९११ मध्ये येल विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे सहायक प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. अध्यापन करीत असतानाच त्यांनी तेथे वैद्यकाचा अभ्यास पूर्ण केला आणि १९१५ मध्ये ते एम.डी. झाले. याच काळात न्यू हेवनच्या धर्मादाय दवाखान्यात त्यांनी मुलांसाठी एक छोटे चिकित्सालय सुरू केले होते. येलचे सुप्रसिद्ध बालविकास चिकित्सालय त्यातूनच वाढले. १९१५ ते १९१९ या काळात ते कनेक्टिकट राज्याचे शालेय मानसशास्त्रज्ञही होते. या पदनामाने नेमले गेलेले ते अमेरिकेतील पहिले मानसशास्त्रज्ञ मानले जातात.

सुप्रजननवादाशी संबंध

गेझेल यांच्या चरित्रातील एक प्रकरण त्यांच्या चाहत्यांनी दीर्घकाळ दुर्लक्षिले. १९१३ मध्ये त्यांनी एका अमेरिकन मासिकात हजार लोकवस्तीच्या एका गावावर लेख लिहिला. गावाचे नाव दिले नव्हते, पण ते त्यांचे जन्मगाव आल्माच होते. गावाच्या नकाशावर घराघरांवर खुणा करून कोणत्या घरात मतिमंदत्व, वेड, मद्यासक्ती इत्यादी आहे हे त्यांनी दाखवले आणि अशा दोषांचा प्रसार रोखण्यासाठी सुप्रजननाचे धोरण हवे, असे प्रतिपादन केले. पुढे इतिहाससंशोधकांनी तपासले तेव्हा त्या नोंदी विश्वासार्ह नसल्याचे आढळून आले. या मतापासून गेझेल लवकरच दूर सरकले. १९२० नंतरच्या त्यांच्या लेखनाचा भर अपंग व मंदगती मुलांना लवकर ओळखून त्यांना शिक्षण व संरक्षण देण्यावर आहे. तरीही बालकाची घडण प्रामुख्याने अंगभूत असते, या त्यांच्या नंतरच्या सिद्धांताकडे पाहताना हा आरंभ विसरून चालत नाही.

घुमट आणि कॅमेरा

पहिल्या महायुद्धानंतर गेझेल शाळकरी मुलांकडून शाळापूर्व वयाकडे आणि तेथून थेट तान्ह्या बाळांकडे वळले. सदोष विकास ओळखायचा तर आधी निर्दोष विकास कसा असतो हे माहीत हवे आणि ते नेमके कोणालाच माहीत नव्हते. डार्विनसारख्या काही विद्वानांनी आपापल्या मुलांच्या रोजनिशा लिहिल्या होत्या. पण एका घरातल्या एका मुलाच्या नोंदीवरून प्रमाणके बनत नाहीत.

१९२४ पासून त्यांनी चलच्चित्रणाचा वापर सुरू केला. त्यासाठी त्यांनी अर्धगोलाकार घुमटाच्या आकाराची एक खोली तयार करवून घेतली. बाळ मध्यभागी एका छोट्या खाटेवर असे आणि घुमटाच्या वक्र पट्ट्यांवरून कॅमेरे पुढेमागे, वरखाली सरकत. घुमटाला असा पडदा होता की बाहेरच्यांना आतले दिसे, परंतु आतून बाहेरचे दिसत नसे. त्यामुळे आईवडील, विद्यार्थी व निरीक्षक बाळाचे लक्ष विचलित न करता पाहू शकत. एकतर्फी पारदर्शक पडद्याची ही कल्पना पुढे जगभरच्या बालमार्गदर्शन केंद्रांनी उचलली.

चित्रण करून ठेवणे एवढाच हेतू नव्हता. फिल्मची एकेक चौकट थांबवून, हातापायांच्या स्थितीचे रेखाटन करून, एकाच हालचालीचे निरनिराळ्या वयांतील रूप शेजारी शेजारी ठेवून पाहिले जाई. डोळ्यांनी क्षणात निसटून जाणारी हालचाल अशी वारंवार तपासता येऊ लागली. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन खंडांच्या बालवर्तन-चित्रसंग्रहात ३,२०० छायाचित्रे आहेत.

या पद्धतीचे उत्तम उदाहरण म्हणजे त्यांचे सहकारी एच. एम. हॅल्व्हर्सन यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेला पकडीचा अभ्यास. सोळा ते बावन्न आठवड्यांच्या बाळांपुढे एक इंच बाजूचा लाल ठोकळा ठेवून त्यांच्या हाताचे चित्रण केले गेले. सोळाव्या आठवड्याच्या सुमारास बाळ ठोकळ्याकडे पाहते, पण हात तेथवर नीट पोचत नाही. पुढे ते पूर्ण पंजाने ठोकळा तळहाताशी दाबून धरते, त्यावेळी अंगठ्याचा उपयोग जवळजवळ नसतो. मग पकड हळूहळू करंगळीच्या बाजूकडून अंगठ्याच्या बाजूकडे सरकते, तळहाताऐवजी बोटे काम करू लागतात आणि वर्षाच्या अखेरीस अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत बारीक वस्तूही येते. हाताच्या कार्याचे मूल्यमापन शिकताना फिजिओथेरपी व व्यवसायोपचाराचे विद्यार्थी पकडीचे जे प्रकार पाठ करतात, त्यांचे मूळ येथे आहे.

विकासाचे तक्ते

गेझेल यांनी वर्तनाची चार क्षेत्रे मानली : कारक, समायोजनात्मक, भाषिक आणि वैयक्तिक-सामाजिक. कारक क्षेत्रात शरीराचा तोल, मान, बसणे, उभे राहणे व चालणे ही स्थूल कौशल्ये आणि हाताबोटांची सूक्ष्म कौशल्ये येतात. प्रत्येक क्षेत्रासाठी ४, १६, २८ व ४० आठवडे, १२, १८, २४ व ३६ महिने ही मुख्य वये त्यांनी निश्चित केली व मधल्या वयांसाठीही नोंदी दिल्या. तपासणीचे साहित्य अगदी साधे होते : लाल ठोकळे, खुळखुळा, घंटा, पेला, बारीक गोळी, चित्रांचे पुस्तक, खडू आणि कागद.

कारक क्षेत्रातील त्यांचा क्रम थोडक्यात असा सांगता येईल. चार आठवड्यांचे बाळ उताणे असताना डोके एका बाजूला वळवून असते आणि हात धरून उठवल्यास त्याची मान मागे पडते. सोळाव्या आठवड्यात मान बऱ्यापैकी स्थिर होते, डोके मध्यरेषेत येते आणि दोन्ही हात छातीवर एकमेकांना भेटतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यात मूल पुढे हात टेकून क्षणभर बसते आणि ठोकळा या हातातून त्या हातात घेते. चाळिसाव्या आठवड्यात ते आधाराशिवाय नीट बसते, रांगते, कठड्याला धरून उभे राहते आणि तर्जनीने वस्तू टोचून पाहते. वर्षाचे मूल एक हात धरल्यास चालते. पंधराव्या महिन्यात ते स्वतः काही पावले टाकते आणि रांगणे मागे पडू लागते. दीड वर्षाचे मूल क्वचितच पडते, छोट्या खुर्चीवर स्वतः बसते आणि तीनचार ठोकळ्यांचा मनोरा रचते. दोन वर्षांचे मूल चांगले धावते, चेंडूला पाय मारते. तीन वर्षांचे मूल एकाआड एक पाय टाकत जिना चढते, तीनचाकी सायकल चालवते आणि क्षणभर एका पायावर उभे राहते. चौथ्या वर्षी ते एका पायावर उड्या मारते.

या निरीक्षणांवरून मिळालेले विकासाचे वय व प्रत्यक्ष वय यांचे शेकडा गुणोत्तर म्हणजे विकासांक होय. उदाहरणार्थ, ४० आठवड्यांच्या बाळाची कारक वागणूक २८ आठवड्यांच्या पातळीची असेल तर त्याचा कारक विकासांक ७० येतो. चारही क्षेत्रांचा एकच आकडा काढण्याऐवजी क्षेत्रवार आकडे काढण्यावर गेझेल यांचा भर होता, आणि त्यास व्यावहारिक कारण होते. केवळ कारक क्षेत्रात मागे असलेले मूल व सर्वच क्षेत्रांत मागे असलेले मूल यांच्या व्याधी वेगळ्या असतात. सेरेब्रल पाल्सी झालेल्या पण बुद्धी शाबूत असलेल्या कित्येक मुलांना त्या काळी मतिमंद ठरवून संस्थांत टाकले जात असे. ही गल्लत टाळण्याचे साधन या तक्त्यांनी दिले. बालरोगतज्ज्ञ कॅथरीन अमाट्रुडा यांच्यासह १९४१ मध्ये लिहिलेल्या विकासनिदानावरील ग्रंथात त्यांनी हा विषय मांडला. १९५०च्या दशकाच्या आरंभी ते अमेरिकेतील सेरेब्रल पाल्सी अकादमीचे अध्यक्षही झाले.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांविषयीचे त्यांचे निरीक्षणही असेच उपयुक्त ठरले. दोन महिने आधी जन्मलेले बाळ आपल्या जन्मतारखेनुसार नव्हे, तर गर्भधारणेपासूनच्या वयानुसार टप्पे गाठते, हे त्यांनी दाखवून दिले. अशा बाळाचे वय हिशेबाने दुरुस्त करून मगच त्याचा विकास तपासावा, हा आज सर्वमान्य असलेला नियम यातूनच आला.

कारक विकासाची तत्त्वे

नुसती यादी करून गेझेल थांबले नाहीत. जॉर्ज कॉगहिल यांनी सॅलॅमँडर जातीच्या प्राण्याच्या भ्रूणात मज्जासंस्था व हालचाल यांचा एकत्रित अभ्यास केला होता. गेझेल यांच्यावर त्याचा मोठा प्रभाव होता. मानवी बाळाच्या बाबतीतही त्यांनी काही तत्त्वे मांडली. पहिले दिशेचे : नियंत्रण डोक्याकडून पायांकडे आणि मध्यापासून टोकांकडे उतरत जाते. डोळे व मान आधी, धड नंतर, पाय शेवटी. तसेच खांदा आधी आणि बोटे नंतर.

दुसरे तत्त्व परस्पर गुंफणीचे. आकुंचक व प्रसारक स्नायू, उजवी व डावी बाजू, सममित व असममित ठेवण यांच्यात वर्चस्वाची अदलाबदल होत होत विकास पुढे जातो. म्हणून तो सरळ रेषेत न होता वळणावळणाने, कधी मागे गेल्यासारखा दिसत होतो. लुईझ बेट्स एम्स यांच्यासह त्यांनी १९४० मध्ये पालथ्या अवस्थेपासून चालण्यापर्यंतच्या प्रवासाचे तेवीस टप्पे वर्णन केले, त्यांत ही गुंफण स्पष्ट दिसते. हात कोपरावर टेकून सरकणारे मूल काही दिवस पुढे जाण्याऐवजी मागेच सरकते. आईला ती चूक वाटते. गेझेल यांच्या मते तो क्रमाचाच भाग होय.

तिसरे तत्त्व कार्यात्मक असममितीचे. डोके ज्या बाजूला वळते त्या बाजूचे हातपाय ताठ होणे व विरुद्ध बाजूचे दुमडणे, ही मानेची असममित प्रतिक्षिप्त क्रिया. तिचे वर्णन माग्नुस यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत केले होते आणि माणसात ती दिसली तर मेंदूच्या विकाराचे लक्षण समजली जात असे. पहिल्या सुमारे तीन महिन्यांत निरोगी बाळातही ती सहज दिसते, हे गेझेल यांनी १९३८ मध्ये चित्रणाधारे मांडले. त्यांना त्यात एक उपयोगही दिसला : डोके वळलेल्या बाजूचा हात नेमका बाळाच्या दृष्टीसमोर येतो आणि डोळा व हात यांची ओळख होण्यास आरंभ होतो. अर्थात हीच क्रिया सहा महिन्यांनंतरही ठळकपणे टिकून राहिली तर ती चिंतेची बाब असते. सामान्य काय आणि विकृत काय हे लक्षणावर नव्हे, तर लक्षणाच्या वयावर ठरते, हा यातील महत्त्वाचा मुद्दा होता.

जुळ्या बहिणींचा प्रयोग

गेझेल यांचे सर्वांत अधिक चर्चिले गेलेले संशोधन हेलन थॉम्प्सन यांच्यासह १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच बीजापासून जन्मलेल्या दोन जुळ्या मुलींना त्यांनी टी व सी अशी अक्षरे दिली. टीला ४६व्या आठवड्यापासून सहा आठवडे रोज जिना चढण्याचा सराव दिला गेला. सीला या काळात जिना दाखवलाच नाही. ५२व्या आठवड्यात टी पाच पायऱ्यांचा जिना २६ सेकंदांत चढली. ५३व्या आठवड्यात सीला प्रथमच त्या जिन्यापाशी नेले, तेव्हा कोणत्याही सरावाविना व मदतीविना ती ४५ सेकंदांत वर गेली. त्यानंतर सीला फक्त दोन आठवडे सराव दिला आणि ५५व्या आठवड्यात तिने तोच जिना १० सेकंदांत चढून दाखवला. आधी सुरू केलेला आणि तिप्पट काळ चाललेला टीचा सराव अशा रीतीने निष्प्रभ ठरला.

मज्जासंस्था तयार होण्यापूर्वी दिलेले शिक्षण वाया जाते, हा गेझेल यांचा निष्कर्ष. त्या काळात जॉन वॉटसन यांचा वर्तनवाद जोरात होता; योग्य वळण लावल्यास कोणत्याही बालकाला हवे तसे घडवता येते, असा त्याचा दावा होता. या पार्श्वभूमीवर हा प्रयोग वादात निर्णायक म्हणून पुढे केला गेला. दोघींचा मागोवा त्यांनी किशोरवयापर्यंत घेतला.

प्रयोगातील उणिवाही उघड आहेत. तो एकाच जोडीवर झाला. सीला जिना मिळाला नाही हे खरे, पण रांगणे, धरून उभे राहणे, वस्तूंवर चढणे यांपासून तिला कोणी अडवले नव्हते; आणि जिना चढायला लागणारे बळ व समन्वय यांतूनच येतात. म्हणजे सराव नव्हता असे नाही, विशिष्ट सराव नव्हता एवढेच. हा भेद पाठ्यपुस्तकांत बहुधा गाळला जातो. आपल्याकडे पांगुळगाड्याने मूल लवकर चालते अशी जुनी समजूत आहे. तिच्याविरुद्ध हा प्रयोग सांगितला जातो तो योग्यच, परंतु मुलाला जमिनीवर मोकळे न सोडताही ते आपोआप चालेल, असा अर्थ त्यातून निघत नाही.

लोकप्रियता

१९४० नंतर गेझेल यांचे नाव अमेरिकेतील घराघरांत पोचले. बालरोगतज्ज्ञ फ्रान्सिस इल्ग यांच्यासह लिहिलेली बालसंगोपनावरील पुस्तके (१९४३ व १९४६) विपुल खपली. घड्याळाच्या काट्यावर दूध पाजण्याची सक्ती सोडून बाळाच्या भुकेप्रमाणे पाजावे, प्रत्येक मुलाची गती ओळखून तिचा आदर करावा, असा त्यांचा सल्ला असे. मात्र याच पुस्तकांमुळे वेगळीच चिंताही पसरली. शेजारणीचे मूल चाळिसाव्या आठवड्यात रांगते आणि आपले का नाही, असे विचारत माता तक्ता हातात घेऊन डॉक्टरांकडे जाऊ लागल्या. तक्त्यातले वय ही सरासरी आहे, अंतिम मुदत नव्हे, असे लेखकांनी बजावले होते. पण छापील आकडा समोर असताना प्रस्तावना कोण वाचतो!

दत्तक देण्यापूर्वी बाळाची विकासतपासणी व्हावी, हा त्यांचा आग्रहही दुधारी होता. त्यामुळे काही बाळांचे उपचार वेळेवर सुरू झाले, तर तपासणीत मागे पडलेल्या काहींना घर मिळणे लांबले.

या काळातील त्यांच्या एका पुस्तकाचा भारताशी संबंध आहे. बंगालमधील मिदनापूर येथील अनाथाश्रमात १९२० मध्ये आणलेल्या, लांडग्यांनी वाढवल्याचे सांगितले गेलेल्या कमला व अमला या मुलींच्या हकीकतीवर त्यांनी १९४१ मध्ये लिहिले. हातापायांवर धावणारी कमला पुढे दोन पायांवर चालू लागली, यात मानवी विकासक्रमाची चिवट शक्ती त्यांना दिसली. ते स्वतः भारतात आले नव्हते. आश्रमचालक पाद्री जे. ए. एल. सिंग यांच्या रोजनिशीवर त्यांनी विश्वास ठेवला. ती हकीकत आता बहुतांशी अविश्वसनीय मानली जाते. घुमटातील एकेक चौकट तपासणाऱ्या संशोधकाने ऐकीव मजकूर इतक्या सहज स्वीकारावा, हे आश्चर्यच होय.

टीका आणि पुढील संशोधन

गेझेल यांची मूळ प्रमाणके १०७ बाळांवर आधारलेली होती. ती सर्व न्यू हेवनमधील, मध्यमवर्गीय आणि उत्तर युरोपीय वंशाच्या कुटुंबांतील होती. एकजिनसी समूह त्यांनी हेतुपुरस्सर निवडला होता. परंतु त्यावरून आलेले आकडे साऱ्या मानवजातीचे म्हणून वापरले गेले.

समकालीन मर्टल मॅकग्रॉ यांनी न्यूयॉर्कमध्ये जॉनी व जिमी या जुळ्यांवर प्रयोग करून दाखवले की रांगण्याचालण्यासारख्या क्रियांवर सरावाचा फारसा परिणाम होत नसला, तरी चाकांच्या बुटांवर घसरणे वा तीव्र उतार चढणे यांसारखी कौशल्ये लहान वयातही शिकवता येतात. वेन डेनिस यांना होपी आदिवासींमध्ये पहिले कित्येक महिने पाळणाफळीला बांधून ठेवलेली मुले व मोकळी मुले साधारण एकाच वयात चालतात असे आढळले, आणि ते गेझेल यांच्या बाजूचे होते. पण त्याच डेनिस यांनी १९६० मध्ये तेहरानच्या अनाथालयांविषयी जे प्रसिद्ध केले ते अगदी विरुद्ध होते. तेथील एका संस्थेत दिवसरात्र उताणी ठेवलेल्या, कोणी न उचललेल्या मुलांपैकी दुसऱ्या वर्षातील निम्म्याहून अधिक मुलांना स्वतः बसताही येत नव्हते. काळ गेला म्हणजे परिपक्वन झाले, ही कल्पना येथे कोसळली.

१९८०च्या दशकात एस्थर थेलन यांनी आणखी एक धक्का दिला. नवजात बाळाला उभे धरल्यास ते पावले टाकते आणि ही क्रिया दोनेक महिन्यांत नाहीशी होते. मेंदूच्या परिपक्वनाने ती दबते, असे तोवर शिकवले जाई. थेलन यांनी बाळांचे पाय पाण्यात बुडवले, तेव्हा हरवलेली पावले परत दिसली. पायांवर चढलेल्या चरबीचे वजन स्नायूंना पेलत नव्हते, एवढेच कारण होते. स्नायूंची ताकद, शरीराचे वजन, पृष्ठभाग, कार्याचे स्वरूप व मज्जासंस्था या सर्वांच्या परस्परक्रियेतून हालचाल घडते, हा आजच्या फिजिओथेरपीचा दृष्टिकोन या संशोधनावर उभा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुलांच्या निरीक्षणातून सहा स्थूल कारक टप्प्यांच्या मर्यादा प्रसिद्ध केल्या. भारतातील केंद्र दक्षिण दिल्लीत होते. त्यांनुसार आधाराविना बसणे ३.८ ते ९.२ महिने आणि स्वतः चालणे ८.२ ते १७.६ महिने या कालखंडात कधीही सामान्यच समजले जाते. ४.३ टक्के मुले हातगुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, तरी ती चालली. एका वयाऐवजी वयांचा पट्टा देणारी ही पद्धत गेझेल यांच्या तक्त्यातील मोठी उणीव भरून काढते.

अखेरची वर्षे आणि वारसा

१९४८ मध्ये गेझेल निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या मिल्टन सेन यांनी चिकित्सालयाचा रोख मनोविश्लेषणाकडे वळवला, त्यामुळे जुन्या सहकाऱ्यांना तेथे स्थान उरले नाही. इल्ग, एम्स व जॅनेट लर्नेड यांनी १९५० मध्ये न्यू हेवन येथेच गेझेल यांच्या नावाने स्वतंत्र बालविकास संस्था स्थापन केली. गेझेल तेथे काही वर्षे काम करीत राहिले. किशोरवयावरील त्यांचा ग्रंथ १९५६ मध्ये निघाला.

त्यांचे तक्ते पुढे हिल्डा नोब्लॉक व बेंजामिन पासमॅनिक यांनी सुधारले. नॅन्सी बेली यांच्या मापनश्रेणीतील व १९६७च्या डेन्व्हर चाचणीतील कित्येक प्रश्न मुळात गेझेल यांचे आहेत. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ रोनाल्ड इलिंगवर्थ यांनी येल येथे गेझेल यांच्या हाताखाली काम केले होते. त्यांचे बालविकासावरील पुस्तक भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांत अनेक पिढ्यांनी वाचले. भारतीय मुलांसाठी स्वतंत्र प्रमाणके तयार करण्याचे काम प्रमिला फाटक यांनी बडोदा येथे केले. बेली यांच्या श्रेणीवर आधारलेली ही बडोदा प्रमाणके पुढे सुधारून पुण्यातून प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्रातील बालविकास केंद्रांत ती वापरली जातात. त्यांतही बाळापुढे ठेवायच्या साहित्यात लाल ठोकळा आहेच.